याला हात कोणी लावला?

हाडांच्या वॉर्डात मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या बेटाला स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती आणि माझ्या धाकट्याला दात येत होते. अटेंडंटचं काम म्हणजे काय, तर पडेल ते. लादी पुसा, बेडपॅन द्या, पाय बांधून टांगलेल्या म्हाताऱ्याची पाठ खाजवा, आणि सकाळी डॉक्टरांच्या मीटिंगला चहा न्या. हे शेवटचं काम बाकीच्या बायकांना नको असायचं, कारण तिथे उभं राहावं लागे आणि तोंड मिटून ठेवावं लागे. मला मात्र आवडायचं. तोंड मिटलं तरी कान उघडे राहतात ना.

प्लास्टर रूमला लागून एक अरुंद खोली होती. भिंतीवर दिव्याची काचपेटी. आदल्या दिवशी जे कोणी पडले, मोडले, उसाच्या गाडीखाली आले, झाडावरून घसरले, त्या सगळ्यांचे एक्स-रे त्या काचेवर एकेक लागायचे. रात्रपाळीचा तरुण डॉक्टर उभा राहून सांगायचा, हा कोण, वय किती, पडला कसा. मग मोठे डॉक्टर ठरवायचे. याला ऑपरेशन, याला नुसतं प्लास्टर, हिला आज घरी सोडा, थिएटरमध्ये पहिला नंबर या म्हातारीचा, ती थांबू शकत नाही. बोलणं इंग्रजीत. मी शाळेत फार गेले नाही. मराठी अक्षरं बैठकेत, म्हणजे गावच्या संध्याकाळच्या शाळेत शिकले, आणि इंग्रजी त्या खोलीत, चहा ओतता ओतता.

नवे फोटो संपले की काल केलेल्या कामाचे फोटो लागायचे. कोणाचं प्लास्टर कसं बसलं, कोणाचा खिळा कुठे गेला. आणि तिथे माझा जीव कासावीस व्हायचा. मोठे डॉक्टर विचारायचे, "हे कोणी केलं?" आणि कोणीतरी उभा राहून म्हणायचा, "मी, सर." मग का सरकलं, कापूस कमी घातला की घाई केली, सगळं दहा लोकांसमोर. एकदा तर मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच एक फोटो लावला आणि म्हणाले, "हे माझं. वाकडं बसलंय. परत उघडावं लागेल." आणि कप पुढे करून मला म्हणाले, "साखर कमी पडली आज." मला त्यांच्यावतीने इतकी लाज वाटली, की मी किटलीकडेच बघत राहिले. आमच्या घरी भाजी करपली तर चुलीला बोल लागायचा. माझी आई तर दूध उतू गेलं तरी मांजराला ओरडायची, आणि आमच्याकडे मांजर नव्हतं.

आता माझ्या बाबांचं सांगते, कारण लाज आहे ती तिथली आहे.

बाबा लालमती गावात राहायचे. जन्म उसात गेला. पण आसपासच्या गावांत त्यांची ओळख उसाची नव्हती, हाताची होती. पाय मुरगळला, खांदा निखळला, कंबर धरली, की लोक रविवारी बाबांच्या ओट्यावर. त्यांच्या वडिलांकडून आलेला हात, त्यांना ऊस तोडायला कोकणातून बेटावर आलेल्या त्यांच्या वडिलांकडून. लसूण घालून गरम केलेलं तेल, हळद, बांबूच्या चिपा, आणि बांधायला आमच्या जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या. घेत काही नसत. कोणी अननस ठेवून जाई, कोणी लाल भोपळा. मुरगळलेल्या पायाला त्यांचा हात खरंच चांगला होता, हे मी मुलगी म्हणून सांगत नाही. आमच्या वॉर्डची मिस, म्हणजे नर्स, डॉक्टरांसमोर गावठी उपचारांना नाक मुरडायची आणि शनिवारी मला कोपऱ्यात ओढून विचारायची, "उद्या बाबा घरी आहेत ना? आमच्या ह्यांची कंबर परत धरली."

पण मोडलेलं हाड वेगळं. गावोगावचे हाडवैद्य मोडलेलं हाडही बांधायचे, आणि मग महिन्याने ते वाकडं जुळून आमच्या काचेवर यायचं. तेव्हा मोठे डॉक्टर इंग्रजी सोडायचे. चिडले की त्यांना क्रेओल, आमच्या बेटावरची रोजची बोली, सुचायची. "की सान्ला फिन तूस सा?" म्हणजे, याला हात कोणी लावला? पेशंट मान खाली घालायचा. नाव कोणीच सांगायचं नाही. हाडवैद्याचं नाव सांगितलं तर हाताचा गुण जातो असं आमच्याकडे मानतात. तरुण डॉक्टर हसायचे, कोणी म्हणायचं, "कसाई असेल गावचा." आणि मी चहाचा ट्रे घेऊन आधी काय बघायचे, तर कापड. पट्टीचा काठ. आमच्या घरचा नाही ना, एवढं बघितलं की मग कुठे श्वास सुटायचा. कान मात्र दुपारपर्यंत गरम.

एका सकाळी मीटिंग अर्धी झाली होती आणि अपघात विभागातून एका बाईला सरळ त्या खोलीतच पाठवलं, कारण डॉक्टर सगळे तिथे. तिच्या कडेवर सात-आठ वर्षांची मुलगी. मुलगी रडून रडून थकलेली, नुसती कण्हत होती. डाव्या कोपराला बांबूच्या चिपा, वरून घट्ट पट्टी. आणि पट्टीच्या खालचा हात पांढरा, मेणासारखा, बोटं आत वळलेली.

हिरवं लुगडं, त्याला पिवळा काठ. माझ्या आईचं.

बाई माझ्या माहेरच्याच गल्लीतली, बाबांच्या घरामागची. मी तिला वहिनी म्हणायचे. तिने मला बघितलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, गप्प.

मोठ्या डॉक्टरांनी बसल्या जागेवरून उठून कात्री घेतली आणि पट्टी कापली. चिपा ट्रेमध्ये पडल्या. मुलीचं एक बोट त्यांनी हळूच सरळ करून पाहिलं, तर ती किंचाळली. "कधी बांधलं?" त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाली, "आज सकाळी. पडली, मीच बांधलं, आणि लगेच बसने आले."

डॉक्टर आपापसात बोलू लागले. आज सकाळचं असेल तर पट्टी सुटली आहे, थोडं थांबून बघता येईल. जुनं असेल तर आत्ता उघडायला हवं, नाहीतर हात गेला. एवढं इंग्रजी मला येत होतं.

लालमतीहून सकाळी बांधून एवढ्यात बसने पोचणं शक्य नव्हतं. मी ट्रे खाली ठेवला. "डॉक्टर, हे आज सकाळचं नाही. हे माझ्या वडिलांनी बांधलंय."

मी वहिनीकडे वळले आणि मराठीत विचारलं, "वहिनी, कधी बांधलं?"

"तू चहा दे ना लोकांना."

"कधी?"

"तुझा बाप ना गं तो? काय बाई आहेस तू!"

"अगं, पोरीची बोटं बघ आधी!"

तिने बघितली. मला वाटतं तोवर तिने नीट बघितलीच नव्हती, घाबरून. तिचा आवाज बसला. "परवा. परवा तिन्हीसांजेला."

"मध्ये सोडलं होतं?"

"काका म्हणाले, आठवडाभर हात लावायचा नाही. मी काल परत नेली होती, फार रडते म्हणून. म्हणाले, रडणारच, हाड बसतंय."

हे सगळं मी क्रेओलमध्ये सांगितलं. माझ्या बापाचं एकेक वाक्य, माझ्याच तोंडाने, त्या खोलीत. मोठ्या डॉक्टरांनी पूर्ण ऐकलंही नाही. "ही पहिली," ते म्हणाले, आणि ज्या म्हातारीचा पहिला नंबर होता तिला मागे सारून सगळे थिएटरकडे पळाले. मी कप गोळा करायला लागले. मिस दारात उभी होती, जिचा नवरा दर महिन्याला बाबांच्या ओट्यावर पालथा पडायचा ती. डोळे मोठे करून मला म्हणाली, "अय्यो, ते तुझे वडील?"

हाताची कातडी लांबवर उघडून डॉक्टरांनी आतला दाब मोकळा केला. हात राहिला. बोटं किती राहतील ते मात्र सांगता येईना. दुपारी मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं. "तुझ्या वडिलांना उद्या सकाळी घेऊन ये. मीटिंगला."

"पोलीस येणार आहेत का, डॉक्टर?"

"मीटिंगला म्हटलं मी."

संध्याकाळच्या बसने मी लालमतीला गेले. बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी मी का आले हे विचारलंच नाही. "बोटं हलतात?" एवढंच.

"नाही, बाबा."

मग म्हणाले, "तू सांगितलंस?"

"हो."

"सगळ्यांच्या देखत?"

"हो."

आई आतून ओरडली, "एवढी तोंडाची सैल कधीपासून झालीस गं तू? नवऱ्याच्या घरी तरी गप्प राहतेस का?" बाबांनी तिला हातानेच थांबवलं आणि कोट शोधायला आत गेले. माझ्या लग्नात घातलेला कोट. त्याला डांबरगोळ्यांचा वास.

सकाळी त्या खोलीत बाबा टोपी दोन्ही हातांत धरून उभे राहिले. मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच्या शेजारची खुर्ची दिली, तर ते तिच्या कडेवर टेकले, कोणी उठ म्हणेल तर लगेच उठता यावं असे. मी चहा दिला. बाबांनी कप घेतला आणि मान न उचलता म्हणाले, "मेर्सी, मिस." आभारी आहे, नर्सबाई.

मला. स्वतःच्या मुलीला. घाबरून म्हणाले ते, मला कळत होतं. पण एक तरुण डॉक्टर हसला आणि मी बाबांपासून दोन पावलं लांब जाऊन उभी राहिले. लांब का गेले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कप भरायचे होते, हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही.

आधी दुसरा एक फोटो लागला. मनगटाचं प्लास्टर सरकलेलं. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं तसा तो हसणाराच डॉक्टर उभा राहिला. "मी, सर. सूज उतरेल हे लक्षात घेतलं नाही." बाबांनी माझ्याकडे बघितलं, काय चाललंय म्हणून. मी वाकून कानात सांगितलं, "त्याने चुकीचं बांधलं, ते सांगतोय."

"सगळ्यांसमोर?"

"रोज सांगतात, बाबा."

मग मुलीच्या कोपराचा फोटो लागला. बाबा उठले, जवळ गेले, आणि त्यांनी काय केलं, तर दोन बोटं काचेवर ठेवली आणि हाडावरून फिरवली. दाबून, डोळे मिटून, ओट्यावर बघायचे तशी. गुळगुळीत काच ती. त्यांच्या हाताला काही लागेना. ते परत परत दाबत राहिले. आता कोणी हसलं नाही, आणि मला वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं.

मोठे डॉक्टर क्रेओलमध्ये बोलले, पण चिडून नाही. रोजच्या आवाजात, जसं तरुण डॉक्टरांना विचारायचे तसं. "की सान्ला फिन तूस सा?"

मला वाटलं, आता बाबा म्हणतील. आत्ताच त्यांनी बघितलं ना, कसं म्हणायचं असतं ते. म्हणतील, आणि डॉक्टर मान हलवतील, आणि पुढचा फोटो लागेल. एवढंच तर असतं.

बाबा टोपीकडे बघत म्हणाले, "पा म्वा, दोक्तेर." मी नाही, डॉक्टर. "पोरीच्या आईने बांधलं. मी फक्त तेल दिलं होतं."

सगळ्यांना माहीत होतं. आदल्या दिवशी मीच सांगितलं होतं त्याच खोलीत. मोठे डॉक्टर बाबांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. मग ज्याने कोणी बांधलं असेल, त्याला माझा निरोप सांगा." आणि त्यांनी स्वतःच्या कोपरावर बोट ठेवून सावकाश समजावलं. रक्ताची नळी इथून जाते. लहान मुलांचं हाड इथे मोडलं की आत सूज येते, वरून घट्ट बांधलं की रक्त थांबतं. नखं बघायची. मूल रडलं की हाड बसतंय असं समजायचं नाही, पट्टी सोडायची आणि इकडे पाठवायचं.

बाबांनी सगळं मन लावून ऐकलं. मान हलवली. म्हणाले, "सांगतो त्याला."

वॉर्डात मुलगी झोपली होती, हात वर टांगलेला. बाबांना बघून वहिनी पदर सावरत उठली आणि स्वतःचं स्टूल त्यांच्यापुढे सरकवलं. मला तिने स्टूल काय, नजरही दिली नाही. बाबांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, "बरी होईल," म्हणाले, आणि बाहेर पडले.

बसस्टॉपवर मी विचारलंच. "बाबा, ती तरुण पोरं रोज सांगतात, मी केलं म्हणून. त्यांचं काय जातं? तुमचं काय गेलं असतं?"

"त्यांच्यामागे एवढं मोठं हॉस्पिटल उभं आहे गं," बाबा म्हणाले. "माझ्यामागे कोण आहे?"

बस आली. मी म्हणू शकले असते, मी आहे. पण मघाशीच मी दोन पावलं लांब सरकले होते, आणि त्यांनी ते बघितलं होतं.

त्यानंतर बाबांनी मोडलेल्या हाडाला हात लावला नाही. पुढे पुढे मुरगळलेल्यालाही नाही. लोक यायचे, बाबा बोटांनी चाचपून बघायचे आणि म्हणायचे, "हे हॉस्पिटलचं काम. जा."

"काका, तुम्हीच बघा की. एवढ्या लांब कुठे जायचं?"

"पोरगी नको म्हणते."

असं सांगायचे. मला कोणी येऊन सांगितलं तेव्हा आधी हसूच आलं, मग नाही. मी कधी नको म्हटलंच नव्हतं. पण गावात तेच राहिलं. पोरगी हॉस्पिटलात लागली, शहाणी झाली, बापाचा हात बंद केला. लग्नाला गेलं की मांडवात बायका सरकून बसायच्या, "या, हॉस्पिटलवाल्या." वहिनी सगळ्यांत पुढे. मी काही बोलले नाही. बाबांना तेवढा आडोसा राहू दे म्हटलं. पण आडोसा म्हणून उभं राहणं सोपं नसतं हो, विशेषतः ज्याला आडोसा द्यायचा त्याची लाज वाटत असेल तेव्हा.

हॉस्पिटलात मीटिंग रोज होत राहिली, मी चहा देत राहिले. मोठ्या डॉक्टरांनी तो विषय परत काढला नाही. लालमतीची हाडं आता महिन्याने नाही, त्याच दिवशी यायची. एखाद्या सकाळी तिकडचा फोटो लागला की ते माझ्याकडे न बघता म्हणायचे, "वेळेवर आलं." मी किटलीकडे बघायचे.

बाबा गेले तेव्हा अंगण भरलं होतं. जो तो म्हणत होता, देवाचा हात होता, असा हात परत होणे नाही. मी त्यांच्या पायाशी बसले होते. हात फुलांखाली होते, आणि मला रडूही धड येईना, कारण मनात एकच होतं, इतक्या लोकांत कोणाला तरी खरं माहीत असेल का.

त्याला काही वर्षं झाली. कपड्यांच्या फॅक्टऱ्या उघडल्या होत्या, पहाटेच्या बस मुलींनी भरून गुडलँड्स गावाकडे जायच्या. एकदा बहिणीकडे जाताना मी अशाच बसमध्ये चढले, तर एका मुलीने उठून जागा दिली. "आत्या, ओळखलं नाही?"

हातावरून ओळखलं. कोपरापासून मनगटापर्यंत व्रणाची पांढरी रेघ, आणि शेवटची दोन बोटं आत वळलेली, कायमची. मशीनवर बसते म्हणाली, स्वेटरच्या बाह्या जोडते. ही दोन बोटं कापड दाबून धरायला बरी पडतात, सुपरवायझरला पत्ताही नाही. मोकळी, हसरी पोरगी. शेजारच्या मैत्रिणीला माझी ओळख करून देताना म्हणाली, "यांच्या बाबांनी माझा हात वाचवला. त्यांनी वेळेवर बांधला नसता तर डॉक्टरांनी कापलाच असता. आई सांगते ना नेहमी."

मैत्रीण आदराने माझ्याकडे बघायला लागली. बस चालली होती. मला वाटलं, गप्प बसावं. इतकी वर्षं बसले.

"नाही गं बाळ," मी म्हणाले. "वाचवला तो डॉक्टरांनी. माझ्या बाबांनी बांधला होता, म्हणून तो असा झाला."

मैत्रीण खिडकीबाहेर बघू लागली. मुलगी मात्र दचकली नाही. माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "मला माहीत आहे, आत्या. हात माझा होता. मी जागी होते तेव्हा."

"मग आई म्हणते ते?"

"म्हणू दे. तिने नेलं ना मला आजोबांकडे. दुसऱ्या दिवशी परतही नेलं. मला कळलंय असं तिला कळलं, तर ती माझ्यासमोर तोंड वर करणार नाही. तुम्ही बोलू नका तिला काही."

"नाही बोलणार."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "आजोबा कधी म्हणाले का काही? घरी? तुम्हाला तरी?"

"नाही गं. कधीच नाही."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "बिचारे."

तिचा स्टॉप आला. डब्याची पिशवी तिने त्या दोन वळलेल्या बोटांत अडकवली, मैत्रिणीला ढकलत पुढे गेली आणि उतरता उतरता मला ओरडून सांगितलं, "या घरी, आत्या! आईला सांगते भेटलात म्हणून!" बस पुढे निघाली. तिने माझ्या बापाला बिचारा म्हटलं होतं, आणि मला रागवायला जागाच ठेवली नव्हती.